चिंध्यांचे टीशर्ट: ४०० नगांच्या ऑर्डरने मला कुठे कुठे फिरवलं

आमचं दुकान नाशिकला शालिमारजवळ, मेन रोडच्या एका गल्लीत. सासऱ्यांनी चादरी-ब्लँकेटवर सुरू केलं, मग शाळेचे युनिफॉर्म आले, आणि गेली सहा-सात वर्षं सातपूर-अंबडच्या कंपन्यांना टीशर्ट, जॅकेट, टोप्या असा सप्लाय चालू आहे, ते खातं माझ्याकडे. मागच्या ऑगस्टमध्ये सातपूरच्या एका कंपनीतल्या एचआरच्या मॅडमचा फोन आला, दरवर्षी आमच्याकडूनच घेतात. म्हणाल्या यंदा २६ जानेवारीच्या वॉकसाठी ४०० टीशर्ट हवेत पण रिसायकल कापडाचे, म्हणजे जुन्या कपड्यांपासून बनवलेले, आणि त्याचा कागदोपत्री पुरावा पण लागेल, कारण कंपनी लिस्टेड आहे आणि सेबीचा तो बीआरएसआर रिपोर्ट असतो, कंपनी पर्यावरण-समाजाची जबाबदारी कशी पाळते त्याचा, त्यात असलं सगळं लिहावं लागतं. मी म्हणलं हो हो, होऊन जाईल मॅडम, टेन्शन घेऊ नका. फोन ठेवल्यावर नवऱ्याला विचारलं की हे रिसायकल टीशर्ट कुठे मिळतात. तो म्हणाला तू हो म्हणालीस ना, मग तुलाच माहीत असेल.

पहिला फोन मुंबईच्या एका एजंटला. त्याने दोन दिवसांत सॅम्पल पाठवलं, छान करडा टीशर्ट, खाकी कागदाचा टॅग, त्याला सुतळी, टॅगवर हिरवं पान आणि "१००% रिसायकल". मी खूष. म्हणलं याचं सर्टिफिकेट पाठवा. तर तो म्हणतो, "मॅडम, टॅग कितने चाहिए वो बोलो, टॅग अलग से आता है." मला आधी कळलंच नाही. मग टीशर्ट उलटा करून शिलाई बघितली, गळ्याची रिब बघितली, आणि आमच्याच रॅकवरचा एक काढून शेजारी ठेवला. तोच माल. आम्ही वर्षभर तोच विकतोय, फक्त सुतळी नवीन.

त्यानंतर एक बरा माणूस भेटला, स्पोर्ट्सवाला, ड्राय-फिट टीशर्ट करतो रिसायकल पॉलिस्टरचे, त्याच्याकडे कागद सगळे व्यवस्थित, भाव पण परवडणारा. पण त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की हे पाण्याच्या बाटल्यांपासून होतं, कपड्यांपासून नाही. हे मला खरंच माहीत नव्हतं. बाजारात रिसायकल पॉलिस्टर म्हणून जे येतं ते जवळपास सगळं पेट बाटल्यांचं असतं, आणि जुन्या कापडापासून परत धागा होऊन येणाऱ्या मालाचा जगभरातला वाटा १ टक्क्याच्याही खाली आहे. बाटली निदान परत बाटली होऊ शकली असती, एकदा टीशर्ट झाला की त्याचं पुढे फारसं कोणी काही करत नाही. असो. मी मॅडमना विचारलं बाटलीचे चालतील का, तर म्हणाल्या नाही हो, "जुन्यातून नवं" असं स्लोगन मॅनेजमेंटने पास केलंय, बॅनरचं डिझाईन पण झालंय. म्हणजे आधी बॅनर, मग टीशर्ट.

आता जिल्ह्यातच एवढा कापडाचा धंदा असताना बाहेर कशाला जायचं म्हणून एक दिवस मालेगावला जाऊन आले. ओळखीच्या लूमवाल्या भाईंनी चहा पाजला आणि दहा मिनिटांत विषय संपवला. म्हणाले रिसायकल सूत आम्हाला माहीत आहे, पण ते बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला चालतं, ताण्याला, म्हणजे उभ्याला घातलं तर ताण सोसत नाही, तुटतच राहतं, कारागीर शिव्या घालतो. आणि मुळात वहिनी टीशर्ट म्हणजे होजिअरी, ते विणकाम वेगळं, आमचा लूम वेगळा. बरोबरच होतं, मीच मूर्खासारखी गेले होते.

सप्टेंबरमध्ये नवरा दरवर्षी पानिपतला जातो, थंडीच्या आधी ब्लँकेटच्या खरेदीला. यंदा मी पण गेले. मंगला एक्सप्रेसने दिल्ली, तिथून पुढे बस, नव्वदेक किलोमीटर. निघताना आप्पा, म्हणजे सासरे, दरवर्षी एकच वाक्य बोलतात, "खुर्दा सांभाळा रे", आणि स्वतःच हसतात. पंचवीस वर्षं तेच.

पानिपतला जे बघितलं ते मात्र डोक्यातून जात नाही. आमचा ब्लँकेटवाला मला त्याच्या सप्लायरच्या गोदामात घेऊन गेला. छतापर्यंत कपड्यांचे डोंगर, कोट, स्वेटर, जॅकेट, सगळे थंड देशांतले. जहाजाने कांडलाला उतरतात, आणि जो माल चिंधी म्हणून येतो तो आधीच उभा-आडवा चिरलेला असतो, म्हणजे कोणी उचलून परत कपडा म्हणून विकू नये, तसा नियमच आहे. खाली बायका बसलेल्या, प्रत्येकीसमोर विळीसारखं उभं पातं, त्यावर कोट ओढला की अस्तर एकीकडे, चेन एकीकडे, बटणं डब्यात. हात इतका भरभर चालतो की बघताना आपलीच बोटं आवळली जातात. मग रंगाप्रमाणे ढीग, लालचा लाल, आणि लालमध्ये पण तीन-चार लाल. कारण पुढे हे रंगवायचंच नसतं, ढिगाचा जो रंग तोच धाग्याचा रंग, डाय हाऊसचा खर्च आणि पाणी दोन्ही वाचतं. नंतर ते मशीनमध्ये जातं, दातेरी रोलर कापड ओरबाडून ओरबाडून त्याचा परत कापूस करतात, म्हणजे लोकरीचा पुंजका. लहानपणी दारावर पिंजारी यायचा, त्याच्या धनुकलीचा तो टंण टंण आवाज, तेच काम, फक्त इथे आवाजाने बोलणं ऐकू येत नाही आणि हवेत इतकी लव की संध्याकाळी नाक शिंकरलं तर रुमाल निळा. तोंडाला ओढणी बांधलेल्या बायका होत्या, मास्क एखादीलाच.

या धाग्याला शॉडी म्हणतात. आपत्तीत, पुरात वगैरे वाटायला जी जाड करडी ब्लँकेटं येतात ना ती बरीचशी यातली. आमच्या दुकानात आप्पांनी आयुष्यभर तीच विकली आणि आम्हाला कुणालाच डोक्यात आलं नाही की आपण रिसायकल कपडा विकतोय, त्याला आम्ही "हलक्यातला माल" म्हणायचो. आता तर गिऱ्हाईक पोलरच मागतं, मऊ असतं, स्वस्त असतं, पॉलिस्टरचं. शॉडीवाले तिकडे रडतायत त्या पोलरमुळे.

टीशर्टबद्दल विचारलं तर मालकाने सरळ सांगितलं, अंगाला लागून घालायचा मऊ टीशर्ट आमचा धंदा नाही, आमच्याकडे सुती रिसायकल सूत पण होतं पण ते सतरंज्या, पायपुसणी, पडदे, पोछा यासाठी. आणि घालून झालेल्या कपड्यांचं रडगाणं त्यानेच समजावलं. वापरलेल्या टीशर्टमध्ये काय काय आहे कोण सांगणार, कापूस किती, पॉलिस्टर किती, लायक्रा आहे का, छातीवर रबर प्रिंट, शिलाईचा दोरा वेगळ्याच जातीचा, आणि कापड धुवून धुवून आधीच विरलेलं. त्यापेक्षा कारखान्यात कटिंग करताना जे तुकडे उरतात ते घ्या, कोरे, स्वच्छ, एका जातीचे. तिरुपूरला जा.

इथे मी थोडी थांबले. कारण मॅडमना हवे होते जुन्या कपड्यांचे, आणि हे तर नवेच तुकडे, कधी कोणी घातलेच नाहीत. हा धागा पुढे मला भोवला, येतेच त्यावर.

दिवाळीचा सीझन आटपला आणि नोव्हेंबरात कल्याणहून गाडी पकडून तिरुपूर. होजिअरीवाल्यांचं ते पंढरपूरच आहे, स्टेशनच्या जवळच खादरपेठ, जिकडे बघाल तिकडे बनियन, टीशर्ट, सरप्लसचे गठ्ठे. पण मी ठरवलेलं की बाजारातून काही घ्यायचं नाही, आधी सूत कुठून येतं ते बघायचं. आमच्या जुन्या सप्लायरने एका फॅक्टरीशी गाठ घालून दिली आणि त्या सरांनी मला गावाबाहेरची सूतगिरणी दाखवली.

टीशर्ट कापताना थरावर थर टाकून बाही, पुढा, पाठ असे आकार काढतात, मधले जे तिकोनी-वेडेवाकडे तुकडे राहतात ते साधारण १० ते १५ टक्के धरा. एवढ्या मोठ्या गावात रोज किती होत असतील. ते किलोवर विकले जातात, पांढऱ्याचा भाव सगळ्यात चढा, मिक्स रंगाला कोणी विचारत नाही, लायक्रावाला तुकडा चुकून गेला तर मशीन घाण होतं म्हणून बायका हाताने ताणून ताणून बघतात. तिथल्या एका मावशींनी मला पण दिला एक तुकडा ताणायला, मी म्हणलं साधा आहे, त्यांनी मान हलवून लायक्राच्या ढिगात टाकला. तेवीस वर्षं काम करतायत, भाषा एकमेकींची कळत नव्हती, पण तो नकार बरोबर कळला.

मग तेच ओरबाडणं. आणि इथे खरा प्रॉब्लेम समजला. चांगल्या नव्या कापसाचा तंतू साधारण २८ ते ३० मिलिमीटर असतो. ओरबाडला की तो तुटतो, अर्धा आणि अर्ध्याच्याही खाली जातो. लांबी नाही म्हणजे एकमेकांना धरून राहायला काही नाही, म्हणून नुसत्या चिंध्यांचा टीशर्ट होत नाही, झाला तर टिकत नाही, त्यात आधाराला काहीतरी मिसळावंच लागतं, नवा कापूस नाहीतर पॉलिस्टर. त्यांचं मिश्रण होतं ६० टक्के कटिंगचा कापूस आणि ४० टक्के बाटलीचं पॉलिस्टर. फिरून परत बाटलीच! आणि हे सूत ओपन एंड मशीनवर काततात, रिंगवर नाही, त्यामुळे जाडसर निघतं, २० काऊंट वगैरे, हाताला किंचित खरखर. मला उलट ती आवडली, जुन्या मांजरपाटाची आठवण आली.

रंगवत इथेही नाहीत. तिरुपूरवाल्यांना याचं महत्त्व आपल्यापेक्षा जास्त, कारण नोय्यल नदीत रंगाचं पाणी सोडल्यावरून जानेवारी २०११ मध्ये मद्रास हायकोर्टाने तिथली शेकडो डाईंग युनिट बंद करायला लावली होती, जोवर सांडपाणी पूर्ण बंद होत नाही तोवर चालू नाही असं. सर ते सांगताना अजून पण गंभीर होतात. आपण गोदाकाठचे, मी काय बोलणार.

पण न रंगवण्याचा दुसरा अर्थ असा की शेड आपल्या हातात नाही. जो ढीग आला तो रंग. पुढचा लॉट हुबेहूब मिळणार नाही, नंतर दोन एक्सएल कमी पडले म्हणून फोन केला तर रंग जुळेलच याची गॅरंटी नाही. साइजचं गणित आधी पक्कं करून जा, हे मी कोणालाही सांगेन.

आता कागदांकडे येते, अर्धा वेळ त्यातच गेला. या धंद्यात मुख्य सर्टिफिकेट म्हणजे जीआरएस, ग्लोबल रिसायकल्ड स्टँडर्ड, टेक्स्टाईल एक्सचेंज नावाच्या संस्थेचं आहे. मालात किमान २० टक्के रिसायकल असेल तर जीआरएसमध्ये बसतं, पण कपड्यावर लोगो लावायचा तर किमान ५० टक्के लागतं. आरसीएस म्हणून त्याचा धाकटा भाऊ आहे तो ५ टक्क्यांपासून सुरू होतो, म्हणजे कोणी नुसतं "सर्टिफाइड आहे" म्हणलं तर आधी विचारा कोणतं आणि किती टक्के. ५ टक्केवालाही छाती काढून तेच म्हणतो.

सगळे एक रंगीत पीडीएफ पाठवतात ते असतं स्कोप सर्टिफिकेट. ते म्हणजे फक्त एवढंच की ही फॅक्टरी असा माल करायला लायक आहे, साधारण वर्षभर चालतं, तारीख बघायची, पत्ता बघायचा, खाली यादी असते त्यात टीशर्ट आहे का की नुसतं सूतच आहे ते बघायचं. माझा माल रिसायकल आहे हे त्याने सिद्ध होत नाही. त्यासाठी टीसी लागतो, ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट. टीसी म्हणल्यावर मला रेल्वेतला काळा कोटवालाच दिसतो आणि काम पण तेच आहे, प्रत्येक डब्यात तिकीट दाखव. गिरणीने सूत विकलं त्याचा टीसी, विणणाऱ्याने कापड विकलं त्याचा टीसी, फॅक्टरीने टीशर्ट विकले त्याचा टीसी, आणि प्रत्येक वेळी सर्टिफिकेट देणारी एजन्सी किलोचा हिशोब लावते, आत किती आलं, बाहेर किती गेलं. सगळ्यात सुरुवातीला जो चिंध्या गोळा करून विकतो त्याच्याकडून लेखी डिक्लेरेशन. मी विचारलं एवढी कटकट कशाला, लॅबमध्ये टेस्ट करून टाकू. सर हसले. नेहमीची लॅब सांगते कापूस किती आणि पॉलिस्टर किती, तो कापूस पहिल्यांदा सूत झालाय की दुसऱ्यांदा हे ती नाही सांगत. म्हणून मग कागदच.

तर सरांचं म्हणणं, ४०० नगांना टीसी कोण काढतं मॅडम, मोठे लोक एका रंगात पाचशे-पाचशे किलो कापड काढतात, तुमचं सगळं मिळून ८० किलो पण नाही. बरोबर होतं. शेवटी त्यांच्याकडे एका एक्सपोर्टच्या ऑर्डरचे करड्या कापडाचे रोल शिल्लक होते, कागद सगळे जिवंत, त्यातून करून द्यायला तयार झाले, टीसीची फी अर्धी माझी. नगामागे सगळं धरून नेहमीपेक्षा तीसेक रुपये वर गेलं. मी कंपनीला त्यातले वीस लावले.

आणि इथे एक असं निघालं की माझी झोप उडाली. कंपनीचा लोगो छातीवर छापायचा होता, ते काम दरवर्षी अंबडचे आमचे प्रिंटिंगवाले दादा करतात, मी त्यांना आधीच सांगून ठेवलेलं. सर म्हणाले नाशिकला छापलं तर साखळी तुटली, छपाई हे पण प्रोसेसिंग, ते सर्टिफिकेटच्या कक्षेतल्याच युनिटमध्ये व्हायला हवं, नाहीतर जीआरएसचा लोगो काढून टाका. त्यांच्या स्कोपमध्ये एक छपाईवाला होता, त्याच्याकडे छापलं. दादांना फोन करून सांगितलं तर ते फक्त "बरं" म्हणाले. ते बरं महिनाभर चाललं. शेवटी संक्रांतीचे तिळगूळ घेऊन गेले तेव्हा कुठे चहा विचारला.

आता तो धागा. डिसेंबरात लेबलचा मजकूर ठरवायला बसलो. मॅडमचा मजकूर, "जुन्या कपड्यांपासून बनवलेला टीशर्ट". मी म्हणलं मॅडम जुन्या नाही, हे कारखान्यातले कटिंगचे तुकडे आणि बाटल्या. त्या म्हणाल्या अहो कोण विचारतंय, चिंधी ती चिंधीच. पंधरा मिनिटं आम्ही त्या एका शब्दावर. मला खरंतर गिऱ्हाईकाशी वाद घालायला भीती वाटते, पण त्या मुंबईच्या एजंटची सुतळी डोळ्यासमोरून जाईना, त्याने टॅग लावला तर फसवणूक आणि मी लावला तर काय. शेवटी माझ्या सीए भाच्याने मदत केली, त्याने मला ऑक्टोबर २०२४ च्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ग्रीनवॉशिंगच्या गाईडलाईन्स पाठवल्या, पर्यावरणाचा दावा केला तर तो खरा आणि पुराव्यानिशी हवा वगैरे. मी काही न बोलता मॅडमना फॉरवर्ड केल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा मेसेज, "लीगल म्हणतंय जुन्या काढा." मग असं ठरलं: "६०% कारखान्यात उरलेल्या कापडापासून, ४०% प्लास्टिक बाटल्यांपासून". बॅनर मात्र छापून झालेला, त्यावर "जुन्यातून नवं" तसंच राहिलं. त्याला माझा टीसी नाही.

माल १२ जानेवारीला आला. मी एक काढून घरी पाच वेळा धुतला, बादलीत निरम्याच्या पाण्यात रात्रभर ठेवला, रंग अजिबात गेला नाही, लांबीला पाऊण इंच आटला, काखेत थोड्या गोळ्या आल्या. ते सगळं मी मॅडमना आधीच सांगून टाकलं. पैशाचं विचाराल तर फॅक्टरी छोट्या उद्योगात मोडते, त्यांचे पैसे ४५ दिवसांत नाही दिले आणि मार्चअखेरही बाकीच राहिले तर तो खर्च मला इन्कम टॅक्सला त्या वर्षी धरता येत नाही, आणि आम्ही पडलो दुकानदार, व्यापाऱ्याला तो नियम लागू नाही, त्यामुळे कंपनीने मला साठ दिवसांनी दिले तरी त्यांचं काही बिघडत नाही. त्यांनी सत्तरने दिले.

या सगळ्यात आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, एकदाच विचारलं की तू एवढ्या लांब चिंध्या बघायला गेलीस, आपल्या गल्लीतल्या चार टेलरांचं कातरण रोज घंटागाडीत जातं ते का नाही दिलं. मी गेले होते हो टेलरांकडे, पोतंभर गोळा पण केलं. साडीच्या फॉलचे तुकडे, ब्लाऊजचं अस्तर, पँटीचं टेरिकॉट, सगळं एकात एक. तिरुपूरच्या सरांना फोटो पाठवला तर त्यांनी फक्त हात जोडलेली इमोजी पाठवली. ते पोतं आईंनीच संपवलं, त्यातल्या सुती तुकड्यांच्या दोन गोधड्या झाल्या, एक बोहारणीला दाखवली तर ती स्टीलचा डबा द्यायला तयार होती, आई म्हणाल्या दोन डबे, आणि सौदा मोडला.

मार्चमध्ये मॅडमचा परत फोन, अजून ६० हवेत, नवीन जॉइन झालेल्यांना, पण अगदी त्याच रंगात. मी उरलेल्या पीसची बाही कापून पाकिटात घातली आणि तिरुपूरला कुरिअर केली. आठवड्याने फोटो आला, करडाच आहे पण जरा हिरवट. मॅडमना फोटो पुढे पाठवला आणि फोन हातात धरूनच बसले. त्या म्हणाल्या, "चालेल, स्टोअर्स डिपार्टमेंटला देऊ, ते वेगळे बसतात."